युकिप आणि नायजेल फराज: आमच्या थॅनेटमधून दिसलेलं

समुद्रकाठ (रॅम्सगेट)

२०२५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या आमच्या केंट काउंटी कौन्सिलमध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने ८१ पैकी ५७ जागा जिंकल्या. तेव्हापासून रत्नागिरीहून फोन आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला. "तो फराज आलाय म्हणे तुमच्याकडे. त्रास नाही ना काही?" मी "नाही गं" म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

मला रिफॉर्मबद्दल नाही, त्याच्या आधीच्या युकिपबद्दल बोलायचं आहे. युनायटेड किंगडम इंडिपेन्डन्स पार्टी. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं या एकाच मागणीसाठी काढलेला पक्ष. बातम्यांतून तो सगळ्यांनीच पाहिला, मी घरामागच्या कुंपणावरूनही पाहिला.

२०१२ मध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून इथे आले. रॅम्सगेट, ब्रॉडस्टेअर्स आणि मार्गेट ही तीन गावं आणि आजूबाजूची खेडी मिळून थॅनेट होतं. समोर समुद्र, पलीकडे फ्रान्स आणि बेल्जियम. मी आल्यावर वर्षभरात, एप्रिल २०१३ मध्ये, ऑस्टेंडला जाणारी फेरी बंद पडली. मे २०१४ मध्ये मॅन्स्टन विमानतळाला टाळं लागलं. जवळच्या सँडविचमधलं आपलं मोठं संशोधन केंद्र फायझरने बंद करायचं ठरवलं होतं ते त्याच्याही आधी, २०११ मध्ये. शेजारचे आजोबा बंदरावर कामाला होते, त्यांचा पुतण्या विमानतळावर. दोघांचं काम वर्षाच्या अंतराने गेलं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं याच जमिनीत उगवलं आहे.

२०१५ च्या वसंतात गल्लीत युकिपच्या जांभळ्या-पिवळ्या पाट्या लागल्या. नायजेल फराज स्वतः साउथ थॅनेटमधून उभे होते. २००५ मध्येही ते इथूनच उभे राहिले होते, तेव्हा जेमतेम ५ टक्के मतं मिळाली होती. आता दहा वर्षांनी सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या बंदरावर आले. आजोबांच्या खिडकीतही पाटी लागली. त्याच आठवड्यात त्यांनी मला परसातलं रुबार्ब दिलं आणि मी त्यांना कोथिंबीरवड्या दिल्या. मी विचारलं, "ही पाटी माझ्यासारख्यांच्या विरोधात नाही का?" ते मनापासून दुखावले. म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही गं बोलत आम्ही. तू तर माझा गुडघा सरळ केलास."

ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात माया होती, खोटं काहीच नव्हतं. पण मी गुडघा सरळ केला नसता तर ते माझ्याबद्दल असतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

फराज हरले. त्यांना १६,०२६ मतं मिळाली, हुजूर पक्षाच्या क्रेग मॅकिन्ले यांना १८,८३८. हे मॅकिन्ले १९९७ मध्ये काही काळ युकिपचेच हंगामी अध्यक्ष होते. पण त्याच दिवशी झालेल्या स्थानिक निवडणुकीत थॅनेट डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या ५६ पैकी ३३ जागा युकिपने घेतल्या. अख्ख्या देशात त्यांच्या हातात आलेलं हे पहिलं डिस्ट्रिक्ट कौन्सिल. वचन एकच होतं: मॅन्स्टनची जमीन सक्तीने संपादन करू आणि विमानतळ पुन्हा चालू करू.

ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलने त्या योजनेतून अंग काढून घेतलं. संपादनाचा खर्च भरून देईल असा भरवशाचा भागीदार सापडला नव्हता. नगरसेवक चिडून बाहेर पडले आणि बहुमत गेलं. २०१८ च्या सुरुवातीला विमानतळाच्या जागेवर घरांना वाट करून देणाऱ्या आराखड्यावर त्यांच्यातच पुन्हा फूट पडली आणि सत्ताही गेली. २०१९ मध्ये युकिपचा एकही नगरसेवक तिथे निवडून आला नाही. विमानतळ मी हे लिहितेय तोवर बंदच आहे.

माझं मत असं. युकिपला नेता होता, पक्ष नव्हता. सभा घ्यायला माणूस होता, पण कचऱ्याच्या गाड्या, घरांचे आराखडे, भूसंपादनाचे कागद सांभाळायला माणसं तयार केलेली नव्हती. त्याची किंमत आमच्या गावाने मोजली. हा दोष मी नेतृत्वाच्या पदरात घालते. तुम्हाला काय वाटतं?

इतिहासवेडा (पुणे)

ताई, फार मनापासून लिहिलंत. थोडी भर घालतो, कारण नेत्यापलीकडे पक्ष वाढला नाही हे दुखणं जन्मापासूनचं नाही.

युकिप फराज यांनी स्थापन केलेला नाही. तो काढला ॲलन स्केड यांनी. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये इतिहास शिकवायचे. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्टचा करार झाला, युरोपीय समुदायाचा युरोपीय संघ होणार हे ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी स्केड यांनी अँटी-फेडरलिस्ट लीग काढली होती. १९९३ मध्ये तिचं युकिप झालं. स्केड यांची कल्पना वाद घालून पटवणाऱ्या, प्राध्यापकी वळणाच्या पक्षाची होती. निवडून आलो तरी युरोपीय संसदेत बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. १९९७ नंतर ते बाहेर पडले आणि पुढे आपल्याच पक्षावर वंशवादाचा आरोप करत राहिले.

फराज तेव्हा लंडनच्या धातूबाजारात दलाली करत. मास्ट्रिख्टवरून त्यांनी हुजूर पक्ष सोडला. १९९४ मध्ये ईस्टलीच्या पोटनिवडणुकीत त्यांना ९५२ मतं पडली, मॉन्स्टर रेव्हिंग लूनी या गमतीच्या पक्षापेक्षा थोडीच जास्त. तिथून निघालेला माणूस वीस वर्षांत देशाचं धोरण फिरवतो, हे एकट्याच्या जिद्दीशिवाय होत नाही. तुम्ही ज्याला दोष म्हणता त्याशिवाय हा पक्ष कधीच विस्मरणात गेला असता.

आकडेमोड (रेडिंग)

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी साफ असहमत.

मी २०१६ च्या सार्वमतात 'लीव्ह'ला, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याला, मत दिलं. मंडळाच्या गणपतीत हे मोठ्याने बोलायची सोय नसते, इथे बोलतो.

आधी नेतृत्वाचं. २०१५ मध्ये युकिपला साधारण ३८ लाख ८० हजार मतं पडली, १२.६ टक्के. जागा मिळाली एक, क्लॅक्टनची. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांवर ५६ जागा मिळाल्या. १२० मतदारसंघांत युकिप दुसऱ्या क्रमांकावर होता. मतांच्या प्रमाणात ज्या पक्षाचे ऐंशीच्या आसपास खासदार झाले असते त्याचा एकच झाला, तर दुसरी फळी उभी राहणार कुठे? संसदेत काम करूनच माणसं तयार होतात. थॅनेटमध्ये नवखे नगरसेवक चुकले हे खरं, पण त्यांना शिकवायला वरची माणसंच नव्हती आणि ती निवडणूक पद्धतीने येऊ दिली नाहीत. २०११ मध्ये मतदानाची पद्धत बदलण्यावर सार्वमत झालं तेव्हा युकिप बदलाच्या बाजूने होता. हरला.

आता माझं मत का तसं पडलं ते. २०१२ च्या जुलैपासून नियम आला की जोडीदाराला आणायचं तर वर्षाला किमान १८,६०० पौंड कमाई हवी. २०१३ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा मी अर्धवेळ काम करून शिकत होतो. माझा पगार कमी पडला. बायको आठ महिने नाशिकला आणि मी इथे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोलिश सहकारी मात्र बायको-मुलाला घेऊन सरळ आला, पोलंड युरोपीय संघात असल्यामुळे त्याला कुणी पगार विचारला नाही. तो चांगला माणूस, त्याच्यावर माझा राग नव्हता. पण एकाच कार्यालयातल्या दोन परक्या माणसांना दोन कायदे का? युकिप म्हणत होता, सगळ्यांना एकच नियम, ऑस्ट्रेलियासारखी गुणांची पद्धत. २०१५ च्या निवडणुकीआधी फराज म्हणाले होते की पूर्व युरोपातल्या काही देशांपेक्षा भारत-ऑस्ट्रेलियातून येणारी माणसं त्यांना जवळची वाटतात, भाषा आणि कायद्याची परंपरा एक असल्यामुळे. मी ते खरं मानलं.

ज्वारीची_भाकरी (सोलापूर)

मला यातलं फारसं कळत नाही म्हणून विचारते. युरोप नको म्हणणारा पक्ष युरोपच्याच संसदेत जाऊन बसायचा, पगार घ्यायचा? लोकांना ते खटकलं नाही?

आकडेमोड

चांगला प्रश्न आहे. १९९९ पासून ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने झाली, म्हणजे मतांच्या वाट्याप्रमाणे जागा. युकिपला पहिल्यांदा ३ जागा मिळाल्या त्या तिथे. २००४ मध्ये १२, २००९ मध्ये १३, २०१४ मध्ये २४. शंभरहून अधिक वर्षांत हुजूर आणि मजूर सोडून तिसराच पक्ष देशव्यापी निवडणुकीत पहिला आला, तो २०१४ चा युकिप. वेस्टमिन्स्टरचे, म्हणजे ब्रिटिश संसदेचे, दरवाजे बंद होते, ब्रुसेल्सचे उघडे. तिथला पगार, कार्यालय आणि बोलायला मिळणारा वेळ यावरच पक्ष जगला. फराज यांची भाषणं व्हायरल झाली तीही तिथूनच.

समुद्रकाठ

दादा, आठ महिन्यांचं वाचून वाईट वाटलं. माझ्या नणंदेलाही त्याच नियमाने अडवलं होतं, त्यामुळे तो राग मला कळतो. पण तो १८,६०० चा नियम कुणी आणला? युरोपने नाही, तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने. पोलिश माणसाला मोकळीक होती म्हणून तुमच्या बायकोला अडवलं नव्हतं.

आकडेमोड

थेट नाही, हे मान्य. पण सरकारने स्थलांतर लाखांतून हजारांत आणायचं वचन दिलं होतं. युरोपातून येणाऱ्यांना हात लावता येत नव्हता, म्हणून सगळी कात्री आपल्यावर चालली. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या.

गोंयकार (स्विंडन)

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आकडेमोडदादा, तुमचा राग ज्या रांगेवर निघाला त्या रांगेत मी उभा होतो.

मी डिचोलीचा. माझे आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. त्यांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून घेतला की मुलांना, नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. गोव्यात हजारोंनी केलं, मीही केलं. भारताचा पासपोर्ट परत करताना हात थरथरला होता. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. पोर्तुगाल मी फक्त विमानतळापुरता पाहिला. तिथून सरळ स्विंडन, गोदामात रात्रपाळी, एजन्सीमार्फत. इथे आमची माणसं इतकी आहेत की शनिवारी बाजारात कोंकणी ऐकू येते.

कागदावर मी युरोपियन. युकिपची पत्रकं माझ्याच दारात पडायची, पूर्व युरोपातून आणि कुठून कुठून येऊन पगार पाडणाऱ्यांबद्दल. आणि २३ जून २०१६ ला काय झालं? राष्ट्रकुलातले म्हणून भारताच्या पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांना सार्वमतात मत होतं. तुम्हाला होतं. मला नव्हतं. पोर्तुगीज नागरिकाला कौन्सिलच्या निवडणुकीत मत, युरोपच्या निवडणुकीत मत, पण माझं इथलं राहणं ज्यावर ठरणार त्या दिवशी नाही. माझ्याच खोलीत राहणारा सावंतवाडीचा मित्र विद्यार्थी व्हिसावर होता, तो मत देऊन आला. मी त्याच्यासाठी चहा करून ठेवला होता.

स्विंडनमध्ये 'लीव्ह'ला ५४ टक्क्यांवर मतं पडली. पुढे सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही युरोपियनांना इथे राहू देणाऱ्या परवानगीचा, अर्ज ३० जून २०२१ च्या आत करायचा होता. मी केला, मिळालं. पण धाकट्या भावाचा पोर्तुगीज कागद तोवर झाला नव्हता. २०२० संपलं आणि त्याचं दार बंद झालं. तो आज म्हापशाला आहे, मी इथे.

ताईंनी विचारलं नेतृत्वाबद्दल. माझं म्हणणं एवढंच, की फराज यांना आमची ही गोष्ट समजून घेण्याची गरज कधी पडली नाही. त्यांना युरोपियन हा एक शब्द पुरला.

आकडेमोड

गोंयकार, काय लिहू कळत नाही. मी ज्या दिवशी मत दिलं त्या दिवशी गोव्याची माणसं माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, हे खरं सांगतो. मत चुकलं असं मी अजून म्हणणार नाही. पण तुमच्या भावाचं वाचून रात्री झोप लागली नाही.

बॉस्टनचा_डॉक्टर (लिंकनशायर)

मी देशातल्या सर्वांत 'लीव्ह' गावातून लिहितो. बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के. इथल्या शेतांत कोबी, बटाटे, ट्यूलिप, सगळं काढायला माणसं लागतात, आणि २००४ नंतर ती लिथुआनिया, लाटव्हिया, पोलंडमधून आली. दहा वर्षांत गावाचा चेहरा बदलला. माझ्या ओपीडीत दुभाषी मिळेपर्यंत रुग्ण ताटकळायचे, गावातले म्हातारे घड्याळाकडे बघायचे. डॉक्टर वाढले नाहीत, शाळेच्या खोल्या वाढल्या नाहीत, भाडी मात्र वाढली. हे कुणी बोलतच नव्हतं. युकिप बोलला. त्याचं श्रेय मी देतो.

पण आकडेमोड यांनी जी बाजू मांडली तिच्यात एक गोष्ट राहिली. सार्वमताच्या एक आठवडा आधी, १६ जूनला, फराज यांनी ते पोस्टर उघडलं: निर्वासितांची लांबच लांब रांग आणि वर 'ब्रेकिंग पॉइंट'. तो फोटो स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा, रांगेतली माणसं युद्धातून पळालेली. युरोपीय संघातल्या मुक्त संचाराशी त्यांचा संबंध नव्हता. त्या दिवशी दवाखान्यात एका आजींनी मला विचारलं, "तुम्हीही असेच आलात का?" मी साताऱ्याहून परीक्षा देऊन, नोंदणी करून आलो होतो. आजींचा उद्देश वाईट नव्हता. पण खऱ्या प्रश्नाला चुकीचं चित्र लावलं की ते सगळ्या सावळ्या चेहऱ्यांवर येऊन बसतं. गुणांची पद्धत म्हणजे न्याय, असं पक्षाचा जाहीरनामा म्हणत होता. रस्त्यावर पोहोचलं ते पोस्टर. नेता त्या दोघांत निवड करतो, आणि त्याने पोस्टर निवडलं.

ज्वारीची_भाकरी

आणि ते बसवरचं? आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील आणि आरोग्यसेवेला देता येतील असं लिहिलेलं? तेही यांचंच ना?

इतिहासवेडा

नाही, ही गल्लत पुष्कळ ठिकाणी होते. ती बस 'व्होट लीव्ह'ची. तिच्यात बोरिस जॉन्सन, मायकेल गोव्ह वगैरे हुजूर पक्षाचे लोक होते. एप्रिल २०१६ मध्ये निवडणूक आयोगाने 'लीव्ह'ची अधिकृत मोहीम म्हणून त्यांना मान्यता दिली, फराज ज्या गटाबरोबर होते त्याला नाही. 'व्होट लीव्ह'ने फराज यांना मुद्दाम लांब ठेवलं, कारण काठावरचा मतदार त्यांच्यामुळे बिचकेल अशी भीती होती. युकिपचा एकुलता एक खासदार डग्लस कार्सवेल मात्र 'व्होट लीव्ह'बरोबर गेला. पक्षाचा नेता एका मोहिमेत, पक्षाचा खासदार दुसऱ्या.

या दोघांचं आधीपासून बिनसलेलं होतं. विरोधी पक्षांना संसदेकडून कामकाजासाठी पैसा मिळतो. युकिपच्या मतांच्या हिशोबाने तो वर्षाला साधारण साडेसहा लाख पौंड होत होता. पक्षाला सगळा हवा होता, कार्सवेल म्हणाले एका खासदाराला एवढा नको. त्यावरून उघड भांडण झालं. ताईंच्या मुद्द्याला बळ देणारी ही गोष्ट आहे, हे कबूल करतो.

समुद्रकाठ

काका, तेच म्हणते मी. २००४ मध्ये टीव्हीवरचे रॉबर्ट किलरॉय-सिल्क आले, वर्षाच्या आत गेले. कार्सवेल आले, २०१७ मध्ये गेले. त्या घरात दुसरं मोठं माणूस टिकलं नाही. २०१५ मध्ये साउथ थॅनेट हरलो तर अध्यक्षपद सोडेन असं फराज म्हणाले होते. सोडलंही. तीन दिवसांत पक्षाच्या कार्यकारिणीने राजीनामा नाकारला आणि ते परत आले. आमच्या गल्लीतल्या युकिपवाल्यांनी त्या दिवशी आनंद केला. मला तेव्हाच वाटलं, ज्या घरात कर्त्याला तीन दिवस सुट्टी देता येत नाही ते घर त्याच्यामागे उभं राहणार कसं.

वाचनमात्र (डोंबिवली)

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. पुढचा भाग कुणीच घेतला नाही म्हणून.

सार्वमत ५१.९ विरुद्ध ४८.१ ने जिंकल्यावर ४ जुलै २०१६ ला फराज यांनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये डायेन जेम्स निवडून आल्या आणि अठराव्या दिवशी बाहेर पडल्या. निवडणूक आयोगाच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी शेजारी लॅटिनमध्ये 'वी कोआक्टुस' लिहिलं होतं, म्हणजे जबरदस्तीखाली. मला हे वाचून त्या बाईंची काळजी वाटली होती. मग पॉल नटॉल आले. त्यांच्या संकेतस्थळावर हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत त्यांचे जवळचे मित्र गेले असा खोटा मजकूर निघाला, त्यांना माफी मागावी लागली. स्टोकची पोटनिवडणूक हरले. २०१७ मध्ये पक्षाची मतं १२.६ वरून १.८ टक्क्यांवर आली. डॉक्टरसाहेबांच्या बॉस्टनमध्ये नटॉल स्वतः उभे होते, तिसरे आले. हेन्री बोल्टन यांना सदस्यांनीच काही महिन्यांत काढलं. जेरार्ड बॅटन यांनी कडव्या उजव्या, मुस्लिमविरोधी टॉमी रॉबिन्सनला सल्लागार नेमलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द फराज पक्ष सोडून गेले.

दोन-अडीच वर्षांत एवढं सगळं. आपल्याकडेही एका नावावर चालणारे पक्ष...

समुद्रकाठ

वाचनमात्र, माहितीबद्दल मनापासून आभार, लिहीत राहा. फक्त आपल्याकडच्या पक्षांची तुलना या धाग्यावर नको, अशी हात जोडून विनंती. ती सुरू झाली की गोंयकारांनी लिहिलेलं खाली वाहून जाईल.

आकडेमोड

वाचनमात्रांच्या प्रतिसादातून मी उलटा अर्थ काढतो. पक्षाचं काम झालं होतं. जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरून यांनी सार्वमताचं वचन दिलं, ते युकिप त्यांची मतं खाऊ लागला म्हणून. २००६ मध्ये याच कॅमेरून यांनी युकिपवाल्यांना वेडे आणि छुपे वंशवादी म्हटलं होतं. सात वर्षांत त्यांच्याच मागणीवर आले. एकही खासदार नसताना पंतप्रधानाला वाकवलं. पूल बांधून झाला की परांची उतरवतात, परांची पडली म्हणून कुणी रडत नाही. आणि फराज यांनी २०१९ मध्ये नवा ब्रेक्झिट पक्ष काढून काही आठवड्यांत युरोपीय संसदेच्या २९ जागा आणल्या. तोच पुढे रिफॉर्म झाला. २०२४ मध्ये आठव्या प्रयत्नात ते क्लॅक्टनमधून खासदार झाले. माणसं पक्षामागे नव्हतीच, त्या माणसामागे होती. त्यात वाईट काय?

बॉस्टनचा_डॉक्टर

पुलाखाली राहणाऱ्यांचं काय, हे वाईट. इथे शेतावर माणसं कमी पडली म्हणून हंगामी व्हिसा काढावे लागले. आता माणसं मध्य आशियातून येतात, सहा महिन्यांनी जातात, गावाशी त्यांचं काही नातं जुळत नाही. म्हाताऱ्यांची तक्रार तीच, फक्त भाषा बदलली. ज्याने प्रश्न उचलला तो उत्तराच्या दिवशी इथे नव्हता. तुमच्या थॅनेटसारखंच, ताई.

आणि आकडेमोड, तुम्ही ज्या बरोबरीसाठी मत दिलंत ती आली. जानेवारी २०२१ पासून युरोपियनालाही व्हिसा लागतो. पण जोडीदारासाठीची रक्कम १८,६०० वरून २०२४ मध्ये २९,००० झाली. तुम्ही आज लग्न केलं असतं तर किती महिने?

आकडेमोड

२९,००० चं तुमचं बरोबर. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गोंयकार

आकडेमोडदादा, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही रेडिंगला, मी स्विंडनला, गाडीने तासभर लागत नाही. या एकदा. भाऊ म्हापशाहून सुके बांगडे पाठवतो.

आकडेमोड

येतो. बायकोलाही आणतो. तिला आठ महिन्यांची गोष्ट माझ्यापेक्षा बरी सांगता येते.

समुद्रकाठ

सगळ्यांना सविस्तर उत्तर द्यायला वेळ लागला, रजेवर होते. एक घडलं ते सांगते.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्मने जाहीर केलं की सत्तेत आल्यास कायमचं वास्तव्य, म्हणजे आयएलआर, रद्द करू. त्याऐवजी दर पाच वर्षांनी नव्याने व्हिसा. ज्यांना आधीच मिळालं आहे त्यांनाही. आमच्या विभागात गोंदियाची एक मुलगी आहे, तिला आयएलआर मिळून वर्ष झालंय. ती दोन दिवस कामावर नीट बोलत नव्हती. मी नागरिक झाले आहे, माझ्यावर यातलं काही येत नाही. तरी पोटात गोळा आला.

संध्याकाळी आजोबा कुंपणापाशी आले. आता ते ८१ वर्षांचे आहेत. मे महिन्यात त्यांनी रिफॉर्मलाच मत दिलं होतं, माझ्यापासून लपवलं नव्हतं. बातमी त्यांनी वाचली होती. "तुझं ते झालंय ना पक्कं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं झालंय. मग दहा वर्षांपूर्वी जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "आणि जिने तुमचा गुडघा सरळ केलेला नाही तिचं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावले असतील असं वाटून मी आत जायला वळले. तेव्हा म्हणाले, त्या मुलीला शनिवारी चहाला घेऊन ये. आणि आपला काउंटी कौन्सिलर लोकांना भेटतो त्या दिवशी मला घेऊन चल. मी त्याला मत दिलंय, त्याला माझं ऐकावं लागेल.

काउंटी कौन्सिलरच्या हातात आयएलआर नसतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे, पण वर निरोप जातो ना. मत ते बदलणार नाहीत, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. फेरी, विमानतळ, बंदर, सगळी यादी पुन्हा म्हणून दाखवली आणि नायजेलशिवाय इथे कोण आलं होतं, असं विचारलं. त्यावर आमचं पुन्हा वाजलं.

शनिवारी ती मुलगी आली होती. येताना तिने शंकरपाळे आणले. कौन्सिलरची भेट पुढच्या महिन्यात आहे.

इतिहासवेडा

ताई, भेट झाली की इथे लिहा. आजोबांना पुण्याहून नमस्कार सांगा.